स्नोबोर्डवरून न पडलेला माणूस

मी 'हो' म्हणालो तेव्हा माझ्या तोंडात टूथब्रश होता. हे मी बचाव म्हणून सांगत नाही, फक्त नोंद असावी म्हणून सांगतो. लेक बाथरूमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, या सुट्टीत बर्फावर जायचंय ना, तेव्हा तू पण माझ्याबरोबर स्नोबोर्ड शिकायचा. नुसतं सामान सांभाळत बसायचं नाही. कबूल?"

मी फेसातून "हो" म्हणालो. तोंडात ब्रश असताना माणसाला वाद घालता येत नाही आणि हे लेकीला पक्कं ठाऊक आहे. (हा गुण तिच्या आईकडून आलाय.)

आता 'सामान सांभाळणे' याबद्दल थोडं सांगायला हवं. मी पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे. तेवीस वर्षं मी नटबोल्ट, वॉशर, बेअरिंगं आणि पाइपांचे तुकडे सांभाळतोय. चिठ्ठी दाखवल्याशिवाय माझ्याकडून खुद्द मॅनेजरलासुद्धा एक स्क्रू मिळत नाही. आणि ही सवय काही कारखान्याच्या गेटवर काढून ठेवता येत नाही. समुद्रावर गेलो की हे सगळे पाण्यात, मी चपलांपाशी. डोंगर चढायला गेलो की हे सगळे शिखरावर, मी खाली डब्यांपाशी. आमच्या सहलींच्या फोटोंत मी नाहीच. एका फोटोत बॅगांच्या ढिगामागून एक कोपर बाहेर आलेलं दिसतं, ते माझं आहे असं आम्ही पाहुण्यांना सांगतो.

चूळ भरून मी बाहेर आलो आणि म्हणालो, "अगं, या वयात मी कसला बोर्डावर उभा राहतोय? तू शिक, मी तुझं जाकीट धरतो."

लेक हसली नाही. ती पुढच्या वर्षी शिकायला दुसऱ्या शहरात जाणार, म्हणजे ही आमची तिघांची एकत्र अशी शेवटचीच लांब सुट्टी. ती म्हणाली, "बाबा, तिकडे गेल्यावर मला तुझी आठवण आली, तर मी आठवू काय? बॅगा?"

आता याच्यावर कोणता बाप 'नाही' म्हणणार? मी तिथल्या तिथे, खांद्यावर टॉवेल असताना, शब्द दिला की या वेळी उताराच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मी तिच्याबरोबर येणार. एकदा तरी येणार. मग हातपाय मोडले तरी चालतील.

"मोडले तर चालणार कसे?" बायको आतून म्हणाली. पण तीही खूश झाली होती, आवाजावरून कळत होतं.

खरं म्हणजे सगळं सामान तिकडे भाड्यानं मिळतं. बोर्ड, बूट, सगळं. शहाणा माणूस भाड्यानं घेतो, दोन दिवस आपटतो आणि परत देतो. पण मी स्टोअरकीपर. वापरलेला माल मी तेवीस वर्षांत आत घेतलेला नाही. दुसऱ्या कोणीतरी घाम गाळलेल्या बुटात माझे पाय? छे! "स्वतःचं घ्यायचं," मी जाहीर केलं, "आणि नीट मापं काढून, पारखून घ्यायचं. माल घेणं हा माझा धंदा आहे, तुम्ही बघाच."

शनिवारी आम्ही तिघं खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंच्या गळ्यात टेप होती, केस बारीक कापलेले होते आणि बोलणं असं की समोरच्यानं आपोआप हात मागे बांधावेत.

"आधी कधी केलंय?"

"नाही."

"स्केटिंग? सर्फिंग? तोल सांभाळायचं काहीही?"

"सायकल," मी म्हणालो.

"व्यायामाची," बायको म्हणाली. "एका जागेवरची."

"वजन?"

"अडुसष्ट."

"शहात्तर," पुन्हा मागून.

"ते जेवल्यावर."

"तुम्ही बर्फावर उपाशी जाणार आहात का?" बाईंनी विचारलं. "हे बघा, बोर्डाची लांबी वजनावर ठरते. आठ किलो लपवलेत तर बोर्ड छोटा येईल, मग पडाल आणि मला नावं ठेवाल."

मी शहात्तर कबूल केले. पण मनात म्हणालो, बाई आपल्या जातीची आहे. मापाशिवाय माल देत नाही.

भिंतीला लावलेले ते बोर्ड बघून मला काय झालं ते सांगताच येत नाही. मी आयुष्यात करड्या रंगाच्या रॅकवर करड्या रंगाचे पंप बघितलेत. इथे लाल, हिरवे, पिवळे, आरशासारखे गुळगुळीत, टोकाला वर वळलेले... मी एका काळ्या बोर्डावर हात ठेवला. लांब, टोकदार, बघूनच छातीत धडधडावं असा. "हा!" मी म्हणालो.

"तो उड्या मारणाऱ्यांचा आहे," बाई म्हणाल्या आणि माझा हात उचलून बाजूला ठेवला. "तुम्हाला मऊ पाहिजे. चुका माफ करणारा." त्यांनी एक निळसर बोर्ड काढून माझ्यासमोर उभा केला. त्याचं टोक बरोबर माझ्या हनुवटीला आलं. रुंदीसुद्धा बघितली, बुटाची टोकं बाहेर येऊन बर्फात रुतू नयेत म्हणून. उलटा केला तर खालच्या बाजूला एक मोठं केशरी अस्वल रंगवलेलं.

"इतकं छान चित्र खाली का?" मी विचारलं. "दिसणार कोणाला?"

"तुम्ही पडलात की सगळ्यांना."

लेक इतकी हसली की तिला हेल्मेटांच्या रॅकचा आधार घ्यावा लागला. मी मात्र अस्वलाच्या प्रेमात पडलो होतो. हाच!

बुटांवरून मात्र आमचं वाजलं. त्यांनी दिलेल्या बुटात माझी बोटं पुढे टेकत होती. मी म्हणालो, "एक नंबर मोठा द्या. आत थोडी फट पाहिजे. पंपाच्या शाफ्टलासुद्धा आम्ही फट ठेवतो."

"हा शाफ्ट नाही, पाय आहे. फट ठेवलीत तर बोर्ड राहील डावीकडे आणि पाय जाईल उजवीकडे. गुडघ्यात वाका."

मी वाकलो आणि चमत्कार झाला. बोटं मागे सरली, टाच घट्ट बसली आणि कोणीतरी दोन्ही हातांनी पाय धरून 'मी आहे' म्हणावं, असं वाटलं. मी दुकानात चार पावलं टाकली. धप, धप, धप, धप. आरशात बघितलं. एक दणकट, धोकादायक माणूस दिसत होता. (गळ्याखाली. वर मीच होतो.)

"अहो, चेहरा बघा तुमचा," बायको म्हणाली. "लग्नात पण इतके हसला नव्हतात."

"लग्नातले बूट चावत होते," मी म्हणालो.

राहिलं बाइंडिंग, म्हणजे बोर्डावर बूट अडकवायचे ते पट्टे. बाईंनी पाना हातात घेतला आणि विचारलं, "कोणता पाय पुढे?"

"दोन्ही बरोबरच असतात आमचे."

तर भानगड अशी की बोर्डावर आडवं उभं राहायचं असतं. काहींचा डावा पाय पुढे असतो, काहींचा उजवा, आणि हे ज्याचं त्याच्या अंगात आधीपासून ठरलेलं असतं. चुकीचा पाय पुढे लावला तर शिकणं दुप्पट अवघड. "ओळखायचं कसं?" मी विचारलं, तेवढ्यात बाईंनी मला मागून दणकन ढकललं.

मी पुढे गेलो, पण पाय जागचे हलले नाहीत. कंबरेतून वाकलो आणि दोन्ही हातांनी समोरचा गॉगलांचा स्टँड कवटाळला. एकही गॉगल पडू दिला नाही.

"असं नाही," बाई वैतागल्या. "माणूस ढकलला की एक पाय आपसूक पुढे टाकतो. जो टाकेल तो तुमचा पुढचा. तुम्ही सावध होतात. घरी जा, बेसावध असताना कोणालातरी ढकलायला सांगा. पाय कळला की फोन करा, मी पट्टे लावून ठेवते."

मी बायकोकडे बघितलं. तिचे डोळे लकाकले होते. बावीस वर्षांच्या संसारात इतकी अधिकृत परवानगी तिला कोणी दिली नव्हती.

पहिला धक्का त्याच संध्याकाळी बसला, मी फ्रिज उघडून उभा असताना. मी पडता पडता अंड्यांचा ट्रे वाचवला.

"कोणता पाय?" बायकोनं विचारलं.

"पाय कसला बघतेस, बारा अंडी वाचवली!"

"अहो, अंडी पुढे घेऊन जायचीत का बर्फावर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना. आरसा वाचवला. दुपारी टेबल पुसताना. फुलदाणी वाचवली. सोमवारी लेकीनं जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून ढकललं, तेव्हा शेजाऱ्यांची कुंडी वाचवली. प्रत्येक वेळी हात पुढे आणि पाय मुळासकट जागेवर! तेवीस वर्षं मी रॅकवरून पडणाऱ्या वस्तू झेलत आलोय, त्यामुळे माझ्या अंगात काही ठरलेलं असलंच तर ते हातांत होतं. लेकीनं कागदावर 'डावा' आणि 'उजवा' असे रकाने आखले होते, त्यांच्या शेजारी तिनं 'वाचवलेल्या वस्तू' असा तिसरा वाढवला. तो भरत आला होता.

बुधवारपर्यंत मी घरात भिंतीला पाठ लावून चालायला लागलो. चहासुद्धा कोपऱ्यात उभा राहून प्यायचो. अशातच शेजारच्या वहिनींनी उघड्या दारातून बायकोला मला धक्का मारताना बघितलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, घरात काही असेल तर सांगा हो. मनात ठेवू नका."

"काही नाही हो," मी म्हणालो, "पाय कळेपर्यंत हे चालायचंच."

त्या पुढच्याच मजल्यावर उतरल्या. राहतात त्या आमच्या मजल्यावर.

शेवटी बायकोनं कारखान्यात फोन लावला, तो थेट आमच्या फोरमनला. फोरमन माझा जुना दोस्त, हाडापेरानं धिप्पाड. त्याला सगळे 'जॅक' म्हणतात, कारण तो गाडी नुसत्या खांद्यानं उचलतो. शुक्रवारी सकाळी मी स्टोअरमध्ये वॉशर मोजत होतो. समोर जमिनीवर वॉशरचा उघडा ट्रे, हातात पेन्सिल, तोंडात 'एकशे बेचाळीस, एकशे त्रेचाळीस', जगात इतका बेसावध माणूस दुसरा नसेल. आणि मागून जॅकचा तळहात बसला.

या वेळी हाताच्या उंचीवर वाचवायला काहीच नव्हतं. माझा पाय हवेत उडाला आणि खाडकन ट्रेमध्ये पडला. तीन हजार वॉशर चारी दिशांना! कपाटाखाली, रॅकमागे, दाराबाहेर. आवाज ऐकून मॅनेजर धावत आले.

"काय झालं? काय पडलं?"

मी अजून तसाच होतो, एक पाय ट्रेमध्ये आणि हात पसरलेले. मी खाली बघितलं आणि आनंदानं ओरडलो, "साहेब, उजवा! उजवा पाय!"

"लागला का?"

"लागला! एकदाचा लागला!"

जॅकनं मला मिठी मारली. मॅनेजर आल्या पावली परत गेले. वॉशर गोळा करायला आम्हाला दुपार झाली. पण मी गुडघ्यांवर रांगतानाही शीळ घालत होतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला स्वतःबद्दल एक नवी गोष्ट कळते, ही काय साधी बाब आहे?

शनिवारी बोर्ड घरी आला. पट्टे लावलेले, चकचकीत, खाली अस्वल. निघताना बाईंनी बजावलं होतं, "बूट रोज अर्धा तास घरात घाला, म्हणजे पायाला बसतील. आणि बोर्डाची खालची बाजू कोरडी पडू देऊ नका, मेण लावत राहा."

बुटांचं मी इमानेइतबारे केलं. बूट घालून जेवलो, बूट घालून बातम्या बघितल्या, एकदा बूट घालून दूध आणायलाही गेलो. खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन विचारून गेले, की कपाट नक्की कुठे ठेवायचं ते अजून ठरत नाहीये का?

पण बोर्ड! सहलीला अजून तीन आठवडे होते आणि तो बोर्ड दिवाणखान्यात उभा होता. एका रात्री जेवण झाल्यावर मी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि चमकलो. कडेला सगळीकडून स्टीलची पट्टी! उघडं स्टील! पंपाच्या स्टोअरकीपरला उघडं स्टील दिसलं की त्याला दुसरं काही दिसत नाही. स्टील आणि पाणी म्हणजे गंज. आणि बर्फ म्हणजे तरी शेवटी काय? पाणीच की!

आमच्याकडे नवे पंप ठेवताना त्यांना गंज लागू नये म्हणून एक जाड, तपकिरी ग्रीस फासतात. दहा वर्षं पंप पडून राहिला तरी काही होत नाही. एका संपलेल्या डब्याच्या तळाशी उरलेलं मी जॅकला विचारून घेतलं. (त्याचीही मी चिठ्ठी फाडली. देणार मी, घेणार मी, दोन्हीकडे सही माझीच.) घरी येऊन मी आधी कडांना लावलं. मग पांढरीफट्ट खालची बाजू दिसली आणि बाईंचे शब्द आठवले, कोरडी पडू देऊ नका, मेण लावा. मेण काय आणि ग्रीस काय, एकाच घराण्यातली! मी सबंध अस्वलाला ग्रीसनं आंघोळ घातली, वर खाकी कागद गुंडाळला, सुतळीनं बांधलं आणि चिठ्ठी लावली, 'सावकाश हाताळा'.

निघायच्या आदल्या दिवशी मी ते पुसून काढलं. म्हणजे वरवर. एक थर मुद्दामच राहू दिला. इतक्या पाण्यात न्यायची वस्तू कोणी अगदी उघडी नेतो का?

आणि मग तो दिवस उजाडला. तिथे बसमधून उतरलो आणि मी बघतच राहिलो. पांढरं, पांढरं, नजर पोचेल तिथवर पांढरं, आणि त्यावरून रंगीबेरंगी माणसं सुळसुळ खाली येतायत! बायकोनं माझ्या खांद्यावरून बॅगा उतरवल्या आणि म्हणाली, "द्या इकडे. आज सामानावर मी." मला भरून आलं. तेवीस वर्षांत मला पहिल्यांदा रजेवर बदली माणूस मिळाला होता.

नवशिक्यांच्या वर्गात आम्ही आठ जण होतो. शिकवणारा उन्हानं नाक सोललेला एक हसरा तरुण, त्याला सगळे मास्तर म्हणत होते. "पहिल्या दिवशी प्रत्येक जण पडतो," मास्तर म्हणाला. "पंचवीस वेळा, तीस वेळा. लाजायचं नाही."

आणि धडाधड सगळे पडायला लागले. एक दातांचे डॉक्टर पडले, त्यांच्यावर त्यांची बायको पडली. एक उंच गृहस्थ उभं राहण्याआधीच पडले. माझी लेक तीनदा पडली आणि तिन्ही वेळा खिदळत उठली. मी? मी उभा होतो. गुडघे वाकवलेले, उजवा पाय पुढे, नजर समोर. वर्गात मी एकटा उभा होतो!

मास्तर माझ्यापाशी आला. "तुम्ही आधी केलंय हे?"

"छे, छे."

"मग तोल जात कसा नाही तुमचा? कमाल आहे. काहींच्या अंगातच असतं."

अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. दातांचे डॉक्टर बर्फात बसल्या बसल्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर मी जन्मभर जपून ठेवणार आहे. सत्तेचाळीस वर्षं हे माझ्या अंगात होतं आणि मी वॉशर मोजत बसलो!

दुपारी वर जायची वेळ आली. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही उताराच्या टोकाला पोचलो. खाली बघितलं आणि दोन्ही डोळे मिटून घेतले. लेकीनं विचारलं, "बाबा, नक्की?"

"शब्द दिलाय," मी म्हणालो.

आणि सुटलो!

काय सांगू तुम्हाला! कानांत वारा घोंगावत होता. (वारा होताच त्या दिवशी.) दोन्ही बाजूंची झाडं मागे पडत होती. लेक सुळकन पुढे जायची, बर्फात बसायची, फोन माझ्यावर धरून माझं शूटिंग करायची, मी तिच्यापाशी पोचायचो आणि ती पुन्हा पुढे. "मस्त, बाबा! चल, चल!" मी ओरडत होतो, काय ते मलाच माहीत नाही. एकदा तर वाऱ्याचा असा झोत आला की माझा सुटलेला मफलर गळ्याभोवती घट्ट आवळला गेला. मी नजर हलवली नाही. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. किंवा कधीच झाला नव्हता, असंच म्हणतो.

आणि मी खाली पोचलो. एकदाही न पडता, वरून खालपर्यंत. लेकीनं धावत येऊन मला मिठी मारली, ती इतकी जोरात की तिचं हेल्मेट माझ्या नाकावर आपटलं. "आलास, बाबा! सबंध आलास!" तिचे डोळे पाणावले होते. माझेही, आणि ते काही नाकामुळे नाही.

"आता तिकडे गेलीस की काय आठवशील?" मी विचारलं.

"हेच," ती म्हणाली. "हेच आठवणार मी."

एवढ्यात मास्तर आला. माझं अभिनंदन करायला आलाय असं समजून मी जाकीट सारखं केलं. त्यानं माझा बोर्ड उलटा केला. अस्वल दिसेना. खाली चार बोटं जाड बर्फ चिकटून घट्ट बसला होता, आख्खा थर. त्यानं तो नखानं खरवडला, खालचं तपकिरी काहीतरी बोटावर घेतलं आणि हुंगलं.

"हे काय आहे?"

"ग्रीस," मी म्हणालो. "गंज लागू नये म्हणून. दहा वर्षांची हमी असते."

मास्तर आधी पोट धरून वाकला. मग बसला. मग आडवा झाला. त्या दिवशी वर्गातले सगळे पडून झाले होते, मास्तर तेवढा राहिला होता, तोही पडला. "अहो काका," तो डोळे पुसत म्हणाला, "तुम्ही पडणार कसे? पडायला आधी घसरावं लागतं!"

दातांचे डॉक्टर त्यानंतर माझ्याशी फार प्रेमानं वागायला लागले.

पण मी खचलो नाही. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत हीटरपाशी बसलो असताना मी म्हणालो, "ग्रीस असेल, नाही असं नाही. पण वेग होता. मी स्वतः अनुभवलाय. लाव तो व्हिडिओ."

लेकीनं आईकडे बघितलं. आईनं छताकडे बघितलं. "बाबा, राहू दे ना," लेक म्हणाली.

"लाव."

व्हिडिओ अकरा मिनिटांचा निघाला. उतार शंभर पावलांचा होता. पडद्यावर एक गृहस्थ गुडघ्यांत वाकून, दोन्ही हात पंखांसारखे पसरून, डोळे वटारून 'हूऽऽ' असं ओरडत होते आणि त्यांच्या मागचं झाड बराच वेळ तेच होतं. मला वाटलं फोन अडकलाय. तेवढ्यात मागून, वरच्या टपरीवरून, दोन हातांत कॉफीचे दोन कप घेतलेली एक बाई चालत आली. ती माझ्या बरोबरीला आली, थांबली, दोन्ही कप एका हातात धरले, मोकळ्या हातानं माझा सुटलेला मफलर माझ्या गळ्याभोवती नीट गुंडाळला, गाठ मारली, कप पुन्हा दोन हातांत घेतले आणि पुढे निघून गेली. ती उताराच्या तळाशी पोचली, बाकावर बसली, एक कॉफी प्यायली, आणि मी अजून 'हूऽऽ' च करत होतो.

मी बायकोकडे वळलो. माणसानं शेवटपर्यंत लढावं. "तू उतारावरून धावत होतीस," मी म्हणालो, "म्हणून पुढे गेलीस."

"धावत?" बायको म्हणाली. "अहो, कॉफी सांडू नये म्हणून मी मुद्दाम हळू चालत होते."